वितंडगडावरून दिसणारे लोक

स्वर्गाच्या सात पायऱ्या, नरकाचे नऊ मजले, त्याखेरीज असुरांची ६६६ पाताळं. आग, पाणी, माती आणि वारा यांना प्रत्येकी एक स्वतंत्र जग. आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध अनंत उंचीचा एक सुळका. त्या अनंत उंचीच्या सुळक्याच्या टोकावर एक शहर वसलेलं आहे. ही माहिती मला माझ्या भाच्याने मावळातल्या तिकोणा गडाखाली असलेल्या तिकोणा पेठेतल्या एका घराच्या पडवीत बसून दिली. तो हिंजवडीला नोकरी करतो, त्यामुळे जे मुळात अस्तित्वात नाही त्याचा तपशीलवार आराखडा सादर करायची त्याला सवय आहे.

आषाढातल्या शनिवार-रविवारी पवनेच्या काठी जी गर्दी लोटते ती तंबू, शेगड्या आणि स्पीकर घेऊन येते. भाच्याचा कंपू कागदांची चळत, पुठ्ठ्याचा एक आडपडदा आणि वीस पैलूंचे फासे घेऊन आला होता. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. सूत्रधार पडद्याआडून सांगतो, ''समोर एक दार आहे.'' दार उघडायचं, फोडायचं की त्याच्याशी बोलून बघायचं यावर पात्रं पाऊण तास चर्चा करतात. मग फासा पडतो आणि दार अंगावर येतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभांना मी नियमाने हजर असल्यामुळे खेळ समजायला वेळ लागला नाही.

गोम आहे ती दारापलीकडे. या खेळातलं विश्व ज्या नकाशावर चालतं त्याला 'ग्रेट व्हील', म्हणजे महाचक्र म्हणतात. प्रत्येक जिवाला दोनच प्रश्न: तू चांगला की वाईट? आणि शिस्तीचा की बेबंद? दोन्हींत 'मधला' असंही उत्तर चालतं. अशी नऊ घरं होतात. त्या घरांच्या आणि घरांमधल्या फटींच्या हिशेबाने चक्राच्या कडेवर सोळा लोक मांडलेत, आणि मध्यभागी सतरावा. मेल्यावर ज्याचा जसा स्वभाव तसा त्याचा पत्ता. शिस्तीचे सज्जन सात पायऱ्यांच्या डोंगरावर जातात. शिस्तीचे दुर्जन नऊ मजली नरकात, जिथे सगळे व्यवहार लेखी करारावर होतात. बेबंद दुर्जनांना ६६६ थरांचा अथांग खड्डा. जे चांगलेही नाहीत, वाईटही नाहीत, नुसतेच शिस्तीचे आहेत, त्यांचा लोक म्हणजे एकमेकांत अडकून फिरणारी अवाढव्य दातेरी चाकं. तिथले रहिवासी भूमितीच्या आकारांचे असून त्यांची दिंडी दर २८९ वर्षांनी एकदा निघते. आपल्या वारीच्या बंदोबस्ताला एवढी मुदत मिळाली असती, तरी खड्डे आदल्या रात्रीच बुजवले गेले असते.

नऊ मजली नरकवाले आणि अथांग खड्डेवाले यांच्यात एक युद्ध अनादि काळापासून चालू आहे. दोघेही दुष्ट. भांडण एवढ्याच मुद्द्यावर, की दुष्टपणा नियमाने करावा की मनाला येईल तसा. खेळात याला 'ब्लड वॉर' म्हणतात. मावळात याला भाऊबंदकी म्हणतात आणि ती बांधावरून सुरू होते.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली बाजारात आणला. विश्वाचा पहिला नकाशा गायगॅक्सनी जुलै १९७७ च्या 'द ड्रॅगन' मासिकात मांडला आणि पुढच्याच वर्षी तो खेळाडूंच्या पुस्तकात शेवटी परिशिष्ट म्हणून लागला. अखिल ब्रह्मांड परिशिष्टात घालायला माणूस मुळात कुठल्या पेशातला असावा? गायगॅक्स हे शिकागोत विमा कंपनीत नोकरीला होते. येणाऱ्या अर्जदाराची जोखीम पाहून त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं हे ठरवणं, हेच त्यांचं काम. आता महाचक्राकडे पुन्हा पाहा. तो ब्रह्मांडाचा नकाशा कमी आणि हप्त्यांचा तक्ता जास्त दिसेल.

१९८७ साली जेफ ग्रब यांनी या नकाशाचं स्वतंत्र जाडजूड पुस्तक केलं. त्याच वर्षी इकडे वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने इंद्रायणी तांदूळ शेतकऱ्यांच्या हाती दिला. दोहोंपैकी कशाने मावळाचं विश्व जास्त बदललं हे इथल्या खाचरांत उघड दिसतं. १९९४ मध्ये डेव्हिड कुक यांनी 'प्लेनस्केप' नावाचा संच काढून सुळक्यावर सिजिल शहर वसवलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने महाचक्रच मोडीत काढलं आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ते परत बसवलं. विकास आराखडा रद्द करून जुनाच पुन्हा लागू करणं हे फक्त पुण्यात होतं असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या मावशी भजी घेऊन आल्या, तेव्हा पात्रं संकटात होती. या खेळात माती आणि पाणी यांची जगं जिथे भिडतात तिथे चिखलाचं जग तयार होतं, आणि कंपू त्यात कमरेपर्यंत रुतला होता.

''काय रं, एवढी तोंडं पाडून का बसला?''

''मावशी, चिखलाच्या जगात अडकलोय. बाहेर पडायचा रस्ताच सापडत नाहीये.''

''मग मागल्या खाचरात या की. लावणी चाललीय, दोन मान्सं कमीच हायती.''

''मावशी, हा चिखल अनंत आहे,'' सूत्रधार गंभीरपणे म्हणाला.

''आमचं पंधरा गुंठंच हाय बाबा. पर दुपारपातूर तेबी तसंच वाटतं.''

मग भाच्याने त्यांना सुळका समजावला. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ''शेवटच न्हाई म्हंतोस, मग शेवटाला गाव कसं वसवलं?'' भाचा म्हणाला, ''तीच तर गंमत आहे मावशी.'' मावशींच्या चेहऱ्यावरून त्यांना गंमत आलेली दिसली नाही. आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघालाय. शंकर अनंत ज्योतीच्या खांबाच्या रूपात उभे राहिले, विष्णू बूड शोधायला खाली गेले, ब्रह्मदेव टोक शोधायला वर. विष्णूंनी परत येऊन 'सापडलं नाही' असं सरळ सांगितलं. ब्रह्मदेवांनी 'सापडलं' म्हणून ठोकून दिलं आणि साक्षीला केतकी उभी केली. तेव्हापासून केवडा शंकराला चालत नाही आणि ब्रह्मदेवांची देवळं शोधावी लागतात. अनंत खांबाचं टोक सापडलं असं सांगणाऱ्याला पुराणात शाप मिळाला. अमेरिकेत त्याचा रंगीत संच निघाला.

सिजिलमध्ये देवांना प्रवेश नाही. तिथे एका बाईचा अंमल आहे. ती एक अक्षर बोलत नाही, आणि कुणी तिची पूजा केली तर त्याचा जीव घेते. हे मावशींना मात्र एकदम पटलं. ''बराबर हाय. पूजा केली का मागनं आलंच.''

त्या सुळक्याभोवतीच्या मुलखात सोळा वेशीची गावं आहेत. कडेवरच्या एकेका लोकाचं दार एकेका गावात. पलीकडून येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय लावणं हा त्या गावांचा धंदा, आणि गडाखालच्या पेठेचं कामही तेच होतं: गडाला लागेल ते पुरवणं आणि वर जाणाऱ्यावर नजर ठेवणं. आज तिकोणा पेठ वर जाणाऱ्यांना लिंबू सरबत, काकडी आणि पिठलं-भाकरी पुरवते. खेळात या गावांना एक धोका सांगितलाय. गाव पलीकडच्या लोकासारखं फारच वागायला लागलं, तर ते मुळासकट उपटून पलीकडे सरकतं आणि नकाशावर मोकळी जागा उरते. पवनेच्या काठाने गाडी चालवताना हा नियम प्रत्यक्ष दिसतो. सातबाऱ्यावर नाव मावळातलं आणि बंगल्याच्या फाटकावर नाव इटलीतलं. निम्मा काठ हिंजवडीत सरकलाच आहे, उरलेल्याची मोजणी चालू आहे.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती म्हणून गड चढलो. तिकोण्याची उंची साधारण साडेतीन हजार फूट. त्याला शेवट आहे, हे त्याचं पहिलं मोठेपण. पेठेतून वर निघालं की आधी वेताळ दरवाजा लागतो. त्याच्या पुढे माचीवर चपेटदान मारुती उभा आहे: हात थप्पड मारायला उगारलेला, पायाखाली पनवती. मूर्तीला शेंदूर असा थापलेला की थप्पड नुकतीच बसून गेली की आता बसणार हे कळत नाही. पनवतीच्या तोंडावर मात्र उत्तर स्पष्ट आहे. पुढे चुन्याचा घाणा, तुळजाईचं कातळात कोरलेलं देऊळ, पाण्याचं टाकं. तिथून छातीवर येणाऱ्या उभ्या पायऱ्या आणि आधाराला दोर. वर बालेकिल्ला आणि त्र्यंबकेश्वर महादेव.

हा क्रम नीट पाहा. वेताळ म्हणजे सगळ्या भुतांचा राजा. महाचक्राच्या हिशेबाने त्याची रवानगी कुठल्या तरी खालच्या लोकात झाली असती. इथे तो गडाच्या पहिल्या दरवाजावर नेमणुकीला आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायला मारुती, मधल्या मजल्यावर आई, सगळ्यात वर महादेव, आणि महादेवाच्या गणांत पुन्हा भुतंच. म्हणजे वेताळाची तक्रार वर नेली तरी ती त्याच्याच माणसांच्या टेबलावर जाते. स्वभाव कुणी विचारलेला नाही. काम काय आणि हद्द कुठली, एवढंच ठरलेलं आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांकडे गेले, त्यात तिकोणा होता. किल्ला गेला, पुढे परतही आला. वेताळाची बदली झाल्याची नोंद नाही.

आपल्या परलोकाची सगळी गंमत या हद्दीत आहे. मुंजाला पिंपळ. म्हसोबाला शेताचा बांध. सात आसरांना डोह. समंधाला पुरलेलं धन. चकव्याला तिन्हीसांजेची वाट, तीही ठरलेल्याच टप्प्यात. मुंजा डोहात उतरल्याचं कुणी ऐकलेलं नाही, तो खात्याबाहेरचा विषय आहे. कार्ल्याला तर दोन लोक एकाच अंगणात नांदतात. दोन हजार वर्षांचा बौद्ध चैत्य, आणि त्याच्या तोंडाशी आगरी-कोळ्यांची एकवीरा. बौद्ध परंपरा ३१ लोक मोजते, पण कार्ल्याच्या भिक्खूंनीही दारात नवसाच्या पालख्या नाचतील हा बत्तिसावा लोक मोजला नसेल.

खाली म्हणजे वाईट, हेही आपल्याकडे कुणी मानत नाही. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ. भागवताच्या पाचव्या स्कंधात प्रत्येकाची खोली दहा हजार योजनं दिली आहे, आणि या सातांना बिळातले स्वर्गच म्हटलंय. मयासुराने बांधलेली शहरं, ऊन नाही, उजेडाला नागांच्या फण्यावरचे मणी. वरच्या स्वर्गापेक्षा सोयी जास्त. त्यातल्या तिसऱ्या तळघरात, सुतलात बळीराजा राहतो, आणि ज्याने त्याला खाली दाबलं तो विष्णू त्याच्या दारात राखण करत उभा. आख्खा महाराष्ट्र दर पाडव्याला वरच्या इंद्राचं नव्हे, या खालच्या बळीचं राज्य मागतो. बळीचा पत्ता त्याच्या स्वभावावरून ठरलेला नाही. दिलेल्या शब्दावरून ठरला. हा रकाना गायगॅक्सांच्या तक्त्यात नाही.

स्वभावाप्रमाणे पत्ता द्यायची सोय आपल्याकडे फक्त नरकात आहे, पण तिथेही वर्गवारी नऊ खोक्यांत उरकलेली नाही. भागवतातले नरक २८, आणि गुन्ह्यांचा तपशील असा की वाचताना ओळखीचे चेहरे दिसायला लागतात. 'सूचीमुख' नावाचा नरक श्रीमंत कंजूषांसाठी राखीव आहे. माझे पैसे कोण खाईल या धास्तीने जो आयुष्यभर सगळ्यांकडे संशयाने बघतो, त्याला तिथे यमदूत सुईदोऱ्याने अंगभर शिवून काढतात. पुणे जिल्ह्याचा भार एकट्या सूचीमुखाला झेपतो कसा, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. त्याने तो वहीत टिपून घेतला.

आपली माणसं त्यांच्या नकाशात गेली तेव्हा काय झालं, हेही ऐकण्यासारखं आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस दाखल झाला तो वाघाच्या तोंडाचा. चित्रात अंगात झगा आणि हातात पाइप. त्याला मारायचा हमखास उपाय: धर्मगुरूने मंतरलेला बाण. गायगॅक्सना तो एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेत भेटला होता. रावणाला दहा तोंडं होती, पण त्यातलं एकही वाघाचं असल्याचं वाल्मीकींनी लिहिलेलं नाही.

हद्दीचं हे शास्त्र कोकणात सगळ्यात पक्कं आहे. तिथल्या गावऱ्हाटीत देव-देवचारांची पूर्ण उतरंड लावलेली असते. रवळनाथ, सातेरी, राखणदार, मानकरी, कुणाचा मान आधी, कुणाचा नारळ कुठे, अडलं तर कौल कुणाला लावायचा, सगळं ठरलेलं. गाऱ्हाणं घालणारा एकेका हद्दीच्या मालकाचं नाव घेत जातो आणि जमाव 'होय महाराजा' म्हणत सगळ्या लोकांची हजेरी घेतो. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चामडी चपला वाहतात. कारण वेतोबा रात्री गावाच्या हद्दीत गस्त घालतो आणि चपला झिजतात. वाहिलेल्या चपलांचे तळवे झिजलेले सापडतात असं तिथली माणसं सांगतात.

आता योगायोग पाहा. १९७० मध्ये विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर खेळ बाजारात येईपर्यंत गायगॅक्स काय करत होते? घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करत होते. ब्रह्मांडाचे सतरा लोक आखणारा माणूस चांभारकामावर घर चालवत होता, आणि त्याच्या एकाही लोकातल्या एकाही देवाच्या चपला झिजल्या नाहीत! आरवलीला जन्मला असता तर धंदाही चालला असता आणि नकाशाही सुधारला असता.

एका लोकातून दुसऱ्यात जायचं कसं, हा शेवटचा प्रश्न. खेळात त्यासाठी सातव्या पातळीचा मंत्र लागतो, आणि ज्या लोकात जायचं त्याच्या सुरात लावलेला दोन शिंगांचा धातूचा काटा. तिकोणा पेठेला यायला कामशेतला लोकलमधून उतरून काले कॉलनीची वडाप पकडावी लागते, आणि ती भरल्याशिवाय कुठलाही मंत्र तिला हलवत नाही. देहूच्या तुकोबांनी सदेह वैकुंठ गाठलं असं वारकरी मानतात. त्यांच्याकडे वीणा आणि चिपळ्या होत्या, त्यामुळे सुराचा मुद्दा सुटला होता. त्रिशंकूला मात्र वशिल्याने पाठवला गेला. इंद्राने वरून ढकलला, विश्वामित्राने खालून थोपवला, आणि राजा मध्येच उलटा लोंबकळला. त्यावर विश्वामित्राने रागाने दुसरी सृष्टी, दुसरी नक्षत्रं रचायला घेतली. सूत्रधाराशी बिनसल्यावर स्वतःचं वेगळं विश्व काढणाऱ्याला हे खेळाडू 'होमब्रू'वाला म्हणतात. त्या घराण्याचा मूळ पुरुष हा.

बालेकिल्ल्यावरून समोर तुंग दिसतो, एका बाजूला लोहगड-विसापूर, आणि खाली पवना धरणाचं पाणी. त्या पाण्यात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते बाहेर येतं, माणसं दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा आत जातं. इथे लोकांतर घडवायचं काम जलसंपदा खातं करतं, आणि वेळापत्रक पिंपरी-चिंचवडच्या नळांवर ठरतं. देवळाला निदान वर्षातून एकदा बाहेर येता येतं. धरणात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाची फाइल किती लोकांतून फिरली याचा हिशेब महाचक्रालाही जमणार नाही.

तिकोण्याचं दुसरं नाव वितंडगड, तेव्हा निकाल दिल्याशिवाय इथून उतरू नये. महाचक्र हा हुशार, नेटका, बिनचूक नकाशा आहे आणि त्यात खेळायला मजा येते. पण ते विम्याच्या कचेरीतून दिसलेलं ब्रह्मांड आहे. आपलं ब्रह्मांड चावडीवरून दिसतं. त्यात चांगलं-वाईट नंतर ठरतं, आधी मान, हद्द आणि दिलेला शब्द. खेळाच्या दृष्टीने हेच जास्त रंगतं, कारण अथांग खड्ड्यातल्या असुराला फक्त मारता येतं. म्हसोबाशी बोलणी करावी लागतात.

म्हणून भाच्याला आणि त्याच्यासारख्या तमाम सूत्रधारांना सांगणं एवढंच, की पुढचा डाव आपल्या मुलखात मांडा. सुरुवात वेताळ दरवाजापासून करा, तळाला सुतल ठेवा, डोहात वाघेश्वर ठेवा आणि कंजूष खेळाडूंची सोय सूचीमुखात करा. फासे तेच वापरा, फक्त प्रत्येक हद्दीवर आधी नारळ द्यायचा नियम घाला. आणि लावणीच्या दिवसांत तिकोणा पेठेला आलात तर चिखलाचं जग मागल्या खाचरात आहे, दोन माणसं अजून कमी आहेत.